न मळलेलं पीठ

आमच्या घरात बाईची किंमत भाकरीवर ठरायची. हे मी पत्रकात छापलं असतं तर लोक म्हणाले असते, पोरगी वाढवून सांगते. म्हणून इथे घडलं तसंच लिहिते.

माझी वहिनी आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत भाताच्या बांधावरून घसरली आणि उजव्या मनगटावर पडली. हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्याने बांबूच्या कामट्या बांधल्या, लेप लावला, आणि हात जुळला तो वाकडा जुळला. हंडा ती डाव्या कमरेवर घ्यायची, झाडू डाव्या हातात धरायची, शेणसुद्धा तसंच काढायची. पीठ तेवढं मळता येत नव्हतं. तांदळाचं पीठ उकळत्या पाण्यात भिजवायचं आणि गरम आहे तोवर तळव्याने रगडायचं, नाहीतर भाकरी तव्यावर तडकते. मनगटावर जोर दिला की वहिनीचा चेहरा पांढरा पडायचा, आणि जोर दिला नाही की भाकऱ्या तडकायच्या.

मी तेव्हा पुण्यात शिकत होते, म्हणजे शिकण्यापेक्षा जास्त वेळ पत्रकं वाटत होते. आवणीला बायांना पुरुषांइतकी मजुरी द्या, हे माझं पहिलं पत्रक. झोडणी उरकत आली तेव्हा सुट्टीला घरी आले, तर अंगणात पेंढ्याची उडवी उभी आणि घरात सगळे गप्प. आईने बावधनला वहिनीच्या वडिलांना निरोप धाडला होता. येत्या रविवारी या, लेकीला घेऊन जा, हात धड होईस्तवर.

हात धड होणार नव्हता. आईला माहीत होतं, दादाला माहीत होतं, वहिनीला तर सगळ्यांच्या आधी. हात धड होईस्तवर याचा अर्थ कायमचं माहेर, आणि वरीस सरलं की दादाला दुसरी. पहिली असताना दुसरी करायला कायद्याने बंदी आहे, हे मी गावागावांत ओरडून सांगत हिंडले होते. आमच्या खोऱ्यात तो कायदा ताम्हिणीच्या धुक्यातून अजून वर आला नव्हता.

मी आल्या आल्या भांडले. आई खाटेवर बसून स्वतःचे खांदे चोळत होती. आषाढापासून घरातल्या सगळ्या भाकऱ्या तीच थापत होती, तेही दम्याच्या छातीने. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग मळायचं कोणी? तू? सुट्टी सरली की तू चाललीस. मी म्हटलं, दादाला दोन हात आहेत. दादा ओट्यावर विळा घासत होता. तो हसला, म्हणाला, मी परातीपुढं बसलो तर उद्यापासनं गडी मला काकू म्हणतील. मी म्हटलं, म्हणू देत, काकूला निदान घर चालवता येतं. त्याने मान खाली घातली आणि विळा घासत राहिला. असा हा माझा भाऊ. वाईट नाही, पण बायकोसाठी एक शब्द तोंडातून काढेल तर शपथ.

मला एकदम पाव आठवला. वसतिगृहात माझ्या खोलीत नगरकडची एक ख्रिस्ती मुलगी होती. ती शेगडीवर पातेल्यात पाव भाजायची, आणि त्याचं पीठ मळायचंच नाही. मनुका गुळाच्या पाण्यात टाकून बरणी उबेला ठेवायची. चार-पाच दिवसांत पाणी फसफसू लागलं की त्यात गव्हाचं पीठ, मीठ, सुका मेवा, तीळ घालून पळीने ढवळायचं. पीठ पातळसर, ओलंच ठेवायचं आणि झाकून रात्रभर विसरून जायचं. मळण्याचं काम ते आंबणं करतं. मी तो पाव इतका खाल्ला होता की कृती तोंडपाठ होती. ज्याला जोर लागत नाही असं पोटभरीचं अन्न, मग वहिनीच्या मनगटाचा प्रश्नच उरत नाही.

आईने ऐकलं आणि तिच्या बाजूने अट घातली. "व्याही येतील त्या दिशी तिच्या एकटीच्या हातचं पानात पडू दे. पोटभर पडलं तर ऱ्हाईल. पन तू हात लावायचा न्हाईस. पळीला बी न्हाई."

वहिनीला कोणी विचारलंच नाही. तिने स्वतःच रात्रीची भांडी घासता घासता मला विचारलं, वन्सं, पळी डाव्या हाताने फिरवली तर चालंल का? मी म्हटलं, पिठाला काय कळतंय हात कुठला. ती हसली नाही. म्हणाली, पिठाला न्हाई कळत, मानसांना कळतं.

बरणी दुसऱ्याच दिवशी लागली. मनुका मी पुण्याहून आणल्या होत्या. मार्गशीर्षाची थंडी, धरणाकडून येणारा वारा, बरणीत काही हलेना. वहिनी ती चुलीच्या कडेला ठेवायची, दुपारी उन्हात न्यायची, निजताना पेंढ्यात पुरायची. बुडबुडे दिसले तेव्हा रविवार तोंडावर आला होता. दादाने झाकण उघडून हुंगलं आणि म्हणाला, आता पोलीस पाटलाला काय सांगायचं, आमच्याकडं बाया दारू गाळतात? दारूबंदीचे दिवस, वास खरंच तसा येत होता. आईने ताबडतोब बरणी फडक्यात गुंडाळून कोनाड्यात लपवली. बरणी तिने फेकली नाही, हे मी पाहून ठेवलं.

शनिवारी संध्याकाळी वहिनीने पीठ भिजवलं. रेशनचा लालसर गहू जात्यावर दळलेला, तोही तिने डाव्या हाताने खुंटा ओढून दळला होता. परातीत पीठ आणि मीठ. भाजलेले तीळ, जवस, आमच्या डोंगरउतारावरच्या वरकस रानातली खुरासणी, म्हणजे कारळे, लाल भोपळ्याच्या सोललेल्या बिया. मनुका होत्याच, त्यात खारकेचे तुकडे आणि उन्हाळ्यात वाळवलेली फणसपोळी बारीक कापून. मग बरणीतलं पाणी. पळी डाव्या हातात, परात पायांच्या तळव्यांमध्ये धरलेली. मी भिंतीला टेकून हात मागे बांधून उभी होते, कारण आई दारात बसून माझे हात बघत होती.

ढवळून झालं तेव्हा परातीत चिखलासारखा ओला गोळा होता. आईने तो पाहिला आणि तिच्या कपाळावर आठी चढली. ओलं पीठ रात्रभर घरात ठेवायचं? आमच्याकडे भिजवलेलं पीठ रात्री उरू देत नाहीत. उरलंच तर त्यावर बोटं उमटवून ठेवतात, कारण गुळगुळीत गोळा पिंडासारखा दिसतो आणि ज्यांना बोलावलेलं नसतं ते घरात येतात म्हणतात. मी म्हटलं, हा गोळा कुठे आहे, हा तर रबरबीत आहे, कुठलं भूत खाईल? वहिनीने परात झाकली, गोधडीत गुंडाळली आणि चुलीच्या उबेला ठेवली.

सकाळी मी उठले तेव्हा वहिनी परातीपुढे बसली होती. फडकं बाजूला आणि दोन्ही हात मांडीवर.

परातीत गोळा होता. घट्ट, गोल, तेलाचा हात फिरवलेला, कोरडं पीठ घालून घालून मळलेला. बिया त्यात चेपून बसल्या होत्या; असा घट्ट गोळा आता फुगणार नव्हता. आणि वर पाच बोटांचे पाच खड्डे.

पिठावर अशी बोटं उमटवणारा हात घरात एकच होता, आईचा. माझं डोकं फिरलं. मी आईपुढे जाऊन उभी राहिले आणि सगळं बोलले. तुला तिला घालवायचंच होतं, मग तिच्या एकटीच्या हातचं ही अट कशाला घातलीस, हे नाटक कशाला केलंस, खुनासारखं काम अंधारात केलंस. तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या. वहिनीचे वडील आले होते, पहिल्याच गाडीने, खांद्यावर रिकामी पिशवी. माझं शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं असणार, कारण ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग परातीकडे. "मीच मळलं," ती म्हणाली. "पहाटं उठून बघितलं तर पार पसरलेलं. म्हनलं, पोरीच्या हाताला जोर न्हाई, बापापुढं तोंड काळं हुईल तिचं. बघवंना मला."

मी म्हटलं, हे कुणाला पटेल? आई म्हणाली, तुला पटावं म्हणून मळलं न्हाई.

हे तिने मदत म्हणून केलं की मोडता घालायला, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. पत्रकात एक शत्रू असतो, त्याचं काम सोपं असतं. इथे ती बाई दम लागून खांबाला टेकली होती, आणि तिच्या नखांत पीठ होतं. ते बिनजोराचं पीठ पाहून तिचे हात थांबू शकले नसतील, हेही खरं असू शकतं. आयुष्यभर एकच गोष्ट शिकवली की हात दुसरं काही करत नाहीत. त्याचा राग तिच्यावर काढायचा की शिकवणाऱ्यांवर, हे मी त्या सकाळी ठरवलं नाही. माझ्या तोंडात होता तो सगळा राग मी तिलाच दिला.

वहिनी मात्र बोलली. ती मला म्हणाली, वन्सं, गप ऱ्हावा. मग वडिलांना आत बोलावून गूळपाणी दिलं, विचारलं, पुण्याकडची गाडी संध्याकाळचीच ना? ते हो म्हणाले. त्यांनी मुलीकडे पाहिलं नाही. गाठोडं बांधलंयस का, एवढंच विचारलं.

गाठोडं दारामागे बांधलेलं होतं. आईने आदल्या दिवशीच बांधून ठेवलं होतं.

वहिनीने कोमट पाणी घेतलं. त्या घट्ट गोळ्याचे लचके तोडून पाण्यात टाकले, डाव्या हाताच्या बोटांनी विरघळवत राहिली. बरणीच्या तळाला उरलेला गाळही त्यात ओतला. हे मी तिला सांगितलं नव्हतं, आणि वसतिगृहातल्या त्या मुलीनेही मला कधी सांगितलं नव्हतं. गोळा सुटायला फार वेळ लागला. मध्येच तिने सवयीने उजवा हात लावला आणि तोंडातून आवाज आला, तेव्हा दादा ओट्यावरून उठून आत आला, उभा राहिला, आणि परत जाऊन बसला. परात तिने अंगणात उन्हात मांडली, वर ओलं फडकं. कोंबड्या हाकलायला तिचे वडील आपण होऊन शेजारी बसले.

दिवसभर आम्ही त्या परातीभोवती वावरत होतो. ऊन उडवीमागे गेलं की वहिनी परात सरकवायची. जेवणं आईच्या भाकरीवर झाली. वडील दोन घास खाऊन उठले. दुपार कलली तेव्हा फडकं मधोमध फुगलेलं दिसलं. खाली पीठ भोकाभोकांचं, सैल, हलवलं की थरथरणारं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आई डोकावून म्हणाली, नासल्यागत दिसतंय.

जाड बुडाचं पातेलं वहिनीने आधीच तापवलं होतं, तळाला वाळू, आत डबा. पीठ ओतलं, वर झाकण, झाकणावर निखारे. खाली गोवऱ्यांचा मंद जाळ. आता फक्त थांबायचं, आणि थांबायला वेळ नव्हता. उन्हं डोंगरावर चढली होती. वडील उठले, पिशवी झटकली, दारामागचं गाठोडं उचलून बाहेर आणलं. वहिनी चुलीपुढून हलली नाही. चिमट्याने निखारे सारखे करत राहिली.

खालच्या वळणावर गाडीचा भोंगा ऐकू आला. फाट्यावर ती थांबते, पण कोणासाठी खोळंबत नाही.

"चल पोरी," वडील म्हणाले. "खान्याचं काय यवढं."

वहिनीने मान वर केली नाही. "उतरल्याबिगर मी उठनार न्हाई, आबा."

वडिलांनी आईकडे पाहिलं. बोलावलं तिने होतं, न्यायला सांगितलं तिने होतं, आता तिनेच सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं तर दादाने, माझ्या त्या मुखदुर्बळ दादाने, माझा दंड धरला. आई चुलीकडे बघत होती. वास यायला लागला होता, गुळाचा, तिळाचा, जरासा करपटही.

"तुमी निघा व्याही," आई म्हणाली. "गाडी चुकंल."

"आन ही?"

"ती कशी यील? चुलीवर हाय तिचं."

वडिलांनी गाठोडं उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि भराभर फाट्याकडे चालू लागले. वळून पाहिलं नाही. बहुधा आई शब्द फिरवेल याची त्यांना भीती वाटली असावी. मला तर वाटतच होती.

पाव उतरवला तेव्हा तो तळाला करपला होता आणि मधे ओलसर राहिला होता. आईने विळीवर त्याचे तुकडे केले, करपलेला भाग स्वतःच्या पुढ्यात घेतला, खाल्ला, बराच वेळ चावत राहिली. ना भाकरी ना गोडाचं, म्हणाली. मग वहिनीला विचारलं, ह्यात नाचणी चालंल का, गहू रोज कुठनं आणायचा?

वहिनी म्हणाली, बघू करून.

दादाने तेवढ्यात गाठोडं उचललं आणि खोलीत नेऊन सोडलं. लुगडी दांडीवर टाकल्याचा आवाज आम्ही तिघींनी ऐकला.