ठसा जुळवणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात एकही गोष्ट दुसऱ्याच्या सांगण्यावरून खरी मानली नसेल. अहमदपूरच्या स्टँडवर नांदेडची पाटी लावलेली बस समोर उभी असली तरी ते आधी कंडक्टरला विचारतात, मग ड्रायव्हरला, आणि दोघांचं उत्तर एकच आलं तर पायरीवर पाय ठेवतात. मी एकदा म्हणालो, "मामा, पाटी आहे की." तर म्हणाले, "पाटी सकाळी लावलेली हाय, जावईबापू. बस आत्ता निघून राहिली." लग्नपत्रिका आली की मुलीच्या घरी फोन करून तारीख पुन्हा विचारायची, औषध आणलं की पट्टीवरचं नाव डॉक्टरच्या चिठ्ठीशी अक्षर न् अक्षर लावून पाहायचं. आमच्या लग्नात त्यांनी गुरुजींच्या हातातलं पंचांग मागून घेऊन मुहूर्त स्वतः पाहिला होता, आणि पंचांग चालू वर्षाचंच आहे ना, हेही. नोकरीच त्यांची तशी होती. वजनकाटे तपासणारे सरकारी निरीक्षक. गावोगावच्या दुकानांतले काटे तपासायचे आणि बरोबर निघाले तर त्यावर शिक्का उठवायचा, यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली.

असा माणूस निवृत्तीनंतर क्रिप्टोच्या नादी लागला, तेव्हा घरात सगळ्यांना धक्का बसला. मामांना मात्र त्यात नवल वाटेना. "हितं कुणावर इस्वास ठेवावा लागत न्हाई," ते म्हणाले, "ज्याचं त्यानं तपासून घ्यायचं. नोकरीला असं खातं आधी मिळालं असतं तर मी रिटायरच झालो नसतो." त्यातली आभासी नाणी त्यांनी नावापुरतीच घेतली. त्यांचा खरा जीव नोडमध्ये. त्या नाण्यांच्या जगभरातल्या सगळ्या व्यवहारांची नोंद आपल्याच घरी ठेवून प्रत्येक नवा व्यवहार नियमात बसतो की नाही हे स्वतः पाहणारा संगणक, त्याला नोड म्हणतात. मामांचा नोड म्हणजे एक जुना डबा, तो देवघराशेजारच्या कोनाड्यात सतत गुरगुरत असतो. लाईट गेली की इन्व्हर्टरवर आधी तो चालतो, मग उरलं तर पंखा. मामी पदरानं वारा घेत म्हणतात, "जलमभर दुसऱ्याचे काटे तपासले, आता जगाचे तपासून राहिले. मला वारा लागतो का, ते काही तपासत न्हाईत."

या नोडच्या किंवा पाकिटाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की घरात एखादं कार्य निघाल्यासारखं होई. पाकीट म्हणजे ज्या प्रोग्रॅममध्ये आपली नाणी सांभाळायची तो. मामा अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून बसत. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलचा एक ठसा संगणक काढून देतो, चौसष्ट आकडे-अक्षरांचा. फाइलमध्ये कुणी एका ठिपक्याचा जरी बदल केला तरी ठसा पार वेगळा येतो. बनवणाऱ्यांनी जाहीर केलेला ठसा मामा कागदावर स्वतःच्या हाताने उतरवून घेत आणि कागद मामींच्या हातात देत. संगणक दोन ठसे क्षणात ताडून देतो, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "संगणक काय म्हणतो ते कळलं. आता आपण बघू," एवढंच उत्तर. या ठशात आकडे आणि ए पासून एफपर्यंतचीच इंग्रजी अक्षरं येतात. चौथीत शाळा सुटलेल्या मामी तेवढी सहा अक्षरं शिकल्या. त्यांनी मोठ्याने वाचायचं, "सात, बी, शून्य, शून्य, एफ," आणि मामांनी पडद्यावर बोट ठेवून "हाव" म्हणायचं. मी कौतुकानं म्हणालो, पुढचीही अक्षरं शिकून टाका. तर मामी म्हणाल्या, "कशाला? एफच्या पुढं ह्यांचं काम अडत न्हाई."

ठसा जुळला तरी मामांचं अर्धंच समाधान होई. बनवणाऱ्यांची सहीही तपासायची. ही सही कागदावरची नव्हे, संगणकाने पडताळायची, आणि ती पडताळणारी किल्ली, म्हणजे बनवणाऱ्यांनी जाहीर केलेला एक लांबलचक संकेतांक, खरी आहे की नाही, हे ठरवायला मामा मला नांदेडला फोन करत. त्यांच्या संगणकावर दिसणारी किल्लीची खूण माझ्या संगणकावरही तीच दिसते का, ते मी वाचून दाखवायचं. मी कॉलेजातल्या नोकरीवरून दमून आलेलो असे. कधीकधी न पाहताच "जुळतंय" म्हणावंसं वाटे, पण पलीकडून ते मला वाचायला लावत.

मामांचं बघून मीही मुलीच्या शिक्षणासाठी म्हणून थोडी नाणी घेऊन ठेवली होती. एका दुपारी आमच्या नांदेड-लातूरकडच्या हौशी लोकांच्या ग्रुपवर निरोप आला: पाकीट आजच अपडेट करा, नाहीतर नाणी अडकून पडतील. निरोप पाठवला होता उदगीरच्या अप्पांनी. अप्पा म्हणजे कापडाचे व्यापारी, मामांचे जुने स्नेही, सरळ माणूस. मी निरोपातल्या लिंकवरच्या पानावरून फाइल उतरवली, ठसा काढला, जुळला. आता मामा खूश होतील म्हणून उघडण्याआधी त्यांना फोन केला.

"ठसा कशासंगं जुळवला?" त्यांनी विचारलं.

"त्याच पानावर दिलाय की."

"जावईबापू, त्याच दुकानातला माल, त्याच दुकानातला काटा. वजन बरोबरच भरणार. सही बघितली का?"

सही नव्हतीच. मामांनी मला फोनवर थांबवून मूळ बनवणाऱ्यांचं पान उघडलं. तिथे नवी आवृत्ती आलेलीच नव्हती. "हात काढा त्या माऊसवरून," ते म्हणाले, आणि लगेच अप्पांना फोन लावायला गेले.

अप्पांनी सकाळीच ते उघडलं होतं. त्या बनावट पाकिटाने मागितले तसे आपल्या पाकिटाचे बाराही गुप्त शब्द त्यात भरले होते; ते ज्याच्या हाती पडतील, नाणी त्याची. पाकीट रिकामं झालं होतं आणि ते त्यांना मामांच्या फोनपर्यंत माहीतही नव्हतं. निरोप त्यांनी वाईट हेतूने पाठवला नव्हता. त्यांना कुणीतरी पाठवला, त्यांनी काळजीपोटी पुढे ढकलला.

दुसऱ्या दिवशी मी आणि मामा उदगीरला गेलो. मला वाटलं होतं, मामा आता अप्पांना सही आणि ठसा यावर व्याख्यान देणार. अप्पा दुकानाच्या गादीवर मान खाली घालून बसले होते. "साहेब, माझं गेलं ते गेलं," ते म्हणाले, "पर माझ्या निरोपानं आनखी कुणाचं गेलं असंल, त्यांना मी कसं तोंड दाखवू?"

मामा गादीवर त्यांच्या शेजारी टेकले. मग म्हणाले, "अप्पा, मी एक काटा न तपासता पास केला होता. दुकानदार दोस्त होता, ऊन लई होतं, अन् त्यानं सरबत आणलं. शिक्का मारून मोकळा झालो. पुढच्या साली तपासला तर काटा खोटा. वर्षभर सारं गाव त्याच्यावर माल घालत होतं, माझा शिक्का बघून."

"मंग?" अप्पांनी विचारलं.

"मंग काय. गावात जाऊन चावडीवर उभा राहिलो अन् सांगितलं, चूक माझी हाय. कुणी काही बोललं न्हाई. त्याचाच जास्त तरास झाला."

ही गोष्ट मामींनाही ठाऊक नव्हती, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी अप्पांनी आमच्यासमोर ग्रुपवरच्या एकेकाला फोन लावला, निरोप खोटा होता म्हणून सांगितलं, माफी मागितली. त्यांच्यातल्या दोघांनी फाइल उतरवली होती, पण उघडली नव्हती. फोन संपेपर्यंत मामा शेजारी मांडी घालून बसून राहिले.

याला आता काही वर्षं झाली. अलीकडे मामांना आठ आणि बी सारखेच दिसतात. मोतीबिंदू काढला, तरी पडद्यावरचं बारीक अक्षर हलतं म्हणतात. गेल्या महिन्यात नवी आवृत्ती आली आणि चार दिवस त्यांचा फोनच नाही. शेवटी मीच केला. सगळं पाहिलंय, ठसा, सही, दोन्ही बरोबर आहेत, तुमच्याकडचं बसवायला येऊ का, म्हणालो. एरवी त्यांनी मला निदान चार प्रश्न विचारले असते. त्यांनी एकही विचारला नाही.

"तुम्ही बघितलं ना, मंग झालं," ते म्हणाले. थोडं थांबून पुढे म्हणाले, "पर या तुम्ही. कामाचं ऱ्हाऊ द्या. बसू जरा."

विनाकारण बसायला मामांनी मला कधी बोलावलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मी बायकोला सांगितलं, रविवारी आपण दोघं अहमदपूरला जाऊ.