मिस्टर सुखरूप आहेत का?

आमच्या बिल्डिंगमध्ये फोन एकच, वरच्या मजल्यावरच्या नाडकर्णीकाकांकडे. कोणाचा फोन आला की काका जिन्यात येऊन वरूनच ओरडायचे, "शैला, फोऽन!" आणि आम्ही हातातलं टाकून धावायचो. त्या दुपारी काका ओरडले नाहीत. स्वतः जिना उतरून खाली आले आणि दारात उभे राहून नुसता चष्मा पुसत राहिले... मला तेव्हाच कळलं. माझा भाऊ मोहनदादा सकाळी मुलुंडला एका कारखान्यात पंप बघायला गेला होता. तिथेच छातीत कळ आली आणि गेला. आख्खं जग पालथं घातलेला माणूस गोरेगावहून मुलुंडपर्यंत जातो आणि परत येत नाही, याला काय म्हणायचं? महिना उलटून गेला, मला रडू कमी आणि रागच जास्त येतो.

दादाची कंपनी परदेशात पंप विकायची आणि ते बसवून द्यायला दादा जायचा. नैरोबी, रॉटरडॅम, टोकियो, कैरो... बॅग कायम पलंगाखाली भरलेली. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "बायको विमानतळावरूनच माहेरी जाईल." घरात आई, मी आणि अधूनमधून तो. आई मालवणकडची, चहाची भारी शौकीन. पण दादा निघाला की तो पोचल्याचं कळेपर्यंत ती चहाला शिवायची नाही. डोकं धरून बसेल, माझ्यावर डाफरेल, पण चहा नाही म्हणजे नाही. आणि तिची ती काळजी हळूहळू मलाही लागली. ऑफिसात फाइल उघडलेली आणि मनात एकच, उतरलं असेल ना विमान?

आता परदेशातून फोन म्हणजे खिसा रिकामा. त्यावर दादाने एक युक्ती काढली. ऑपरेटरकडे ठरावीक माणसाच्या नावाने फोन लावता येतो. तो माणूस नसला तर बोलणं नाही आणि बिलही नाही. दादा नाव द्यायचा, मिस्टर सुखरूप. तो पोचायच्या सुमारास आई काकांकडे फोनशेजारच्या स्टुलावर जाऊन बसायची. फोन वाजायचा, ऑपरेटर विचारायची, "मिस्टर सुखरूप आहेत का?" आई गंभीर चेहऱ्याने सांगायची, "नाय, अजून येवक नाय." की झालं काम! खाली येऊन पहिलं वाक्य, "चाय टाक गो." लबाडीच होती ती, कबूल. पण आता कोण पकडणार त्याला!

विमानात मिळालेली इंग्रजी मासिकं दादा माझ्यासाठी आणायचा. एकात जगातल्या उत्तम शहरांची क्रमवारी होती. पॅरिस अगदी वर. मी कौतुकाने वाचून दाखवायला लागले तर हा फिस्सकन हसला.

"हे नंबर देणारे कोण गं? यांच्या घरी कोणी वाट बघत नाही वाटतं."

"म्हणजे?"

"म्हणजे राजवाडे बघितले, बागा बघितल्या, सूप प्यायले आणि दिला नंबर. अगं शैले, परक्या गावात पाऊल टाकल्यावर घरी कळेपर्यंत तुला तिथला राजवाडा दिसतो तरी का? तिथून 'पोचलो' सांगायला किती वाट बघावी लागते, त्यावर गावाचा नंबर."

मग त्याची स्वतःची क्रमवारी. टोकियो पहिलं, कारण तिथली बाई 'सुकुरूपु-सान' असं इतक्या अदबीने म्हणायची की दादालाच उठून उभं राहावंसं वाटे. रॉटरडॅम दुसरं, कारण फोन लावायचं तार ऑफिस गोदीच्या तोंडाशीच. पॅरिस पार तळाला. तिथे नावाचं स्पेलिंग सांगता सांगता याच्या तोंडाला फेस आला होता. मी विचारलं, "आणि आपलं गोरेगाव?" तर म्हणाला, "गोरेगावला नंबर कसला गं? फोन तिथेच तर लावायचा असतो."

एकदा मात्र या सुखरूपने आमचा जीवच घेतला होता. दादा इराकला गेला होता आणि तिकडे लढाई चालू. आई सकाळपासून स्टुलावर. आमटीचं बघायला म्हणून जरा खाली आली आणि नेमका तेवढ्यात फोन आला. वर काकांच्या घरात त्यांची कारवारहून आलेली बहीण एकटी. तिला बिचारीला आमची भानगड काय ठाऊक! ती खाली आली आणि म्हणाली, "इराकहून फोन होता. सुखरूप नाही."

आईच्या हातातला डाव खाली पडला. "कोण म्हणालं? काय म्हणालं?" मी त्या बाईचे खांदे धरून गदागदा हलवले. ती घाबरून तेच पुन्हा सांगत राहिली. संध्याकाळी काका कामावरून येईपर्यंत आम्ही दोघी भिंतीला टेकून होतो... काकांनी बहिणीला नीट विचारलं, तर ऑपरेटरने विचारलं होतं, मिस्टर सुखरूप आहेत का, आणि हिने सांगितलं होतं, इथे कोणी सुखरूप नाही! काका पोट धरून हसले. आई हसली नाही. म्हणाली, "चाय टाक गो," आणि कप तोंडाला लावून रडली. परत आल्यावर दादा म्हणाला, "बगदादला चांगला वरचा नंबर देणार होतो, तुमच्यामुळे घसरलं."

त्या शेवटच्या सकाळी आई नेहमीसारखी म्हणाली, "पोचल्यार फोन कर रे." दादा बूट घालता घालता हसला. "मुलुंडला? आई, मुलुंडहून कोणी फोन करतं का? येतो." येतो म्हणाला. जातो म्हणाला नाही, हे आई अजून येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

तेव्हापासून तिने चहा घेतला नाही. मी समजावलं, ओरडले, मावशीला बोलावलं. "कळूक नाय ना," एवढंच म्हणायची. मला तिचीच धास्ती बसली होती. ही अशीच बसून राहिली तर?

आणि गेल्या आठवड्यात आमचा फोन आला. म्हणजे यंत्रच. दादाने नंबर लावून किती वर्षं झाली होती देव जाणे, त्याच्याच नावावर मंजूर झाला. मेल्या सरकारला आत्ताच बरी आठवण झाली! काळं कुळकुळीत यंत्र दादाच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसलं. पलंगाखाली बॅग अजून तशीच आहे. फोन दोन दिवस गप्प होता. काल सकाळी वाजला. मी स्वयंपाकघरातून धावले, पण आईने आधीच उचलला होता. पलीकडून कोणीतरी कुठल्यातरी देसाईसाहेबांना विचारत होतं, राँग नंबर. आवाज इतका मोठा की मला दारातून स्पष्ट ऐकू आलं, "आहेत का?"

आई गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "नाय, अजून येवक नाय."

रिसीव्हर नीट जागेवर ठेवला, त्याच्यावरून पदर फिरवला आणि माझ्याकडे वळली.

"चाय टाक गो."