त्या बेटावर पोरगी कुणी धरली

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट ठाऊक नाही.

अंदमानातल्या एका लहानशा बेटावर आम्ही आठवडाभर घर भाड्यानं घेतलं होतं. मी, बायको, आमची चिऊ, आणि वाटूरहून दादा-वहिनी. हॉटेल नको, घरच पाहिजे, हा माझा हट्ट. पत्र्याचं छप्पर, पुढं ओसरी, नारळाची झाडं, अन् फाटक उघडलं की समुद्र. वहिनींनी घरून ज्वारीचं पीठ नेल्तं. पहिल्याच संध्याकाळी त्या भाकरी थापायला लागल्या, तर घरमालकीण दारात उभी राहून बघतच राहिली. वहिनींनी तिलाही अर्धी दिली, ठेच्यासकट. बाईच्या डोळ्यांतून पाणी, तरी तिनं आणखी मागितली! फार हसलो आम्ही. सांगणं इथंच थांबवलं तर किती बरं होईल, नाही?

एका सकाळी दादा आणि माझी बायको शहाळी आणायला गेले. चिऊ तेव्हा पाच वर्षांची. वहिनी मागं वाळूत बसल्या होत्या. चिऊचा हात माझ्या हातात होता — माझ्याच. घर आणि समुद्र एकत्र येईल असा फोटो गावाकडं पाठवावा म्हणून मी तिचा हात सोडला. किती वेळ? फोटो बरा येईपर्यंत. वळलो, तर लाट तिला आत ओढून नेत होती.

आणि मी — कमरेएवढ्या पाण्यात गेलो आणि थांबलो. पाय हलेनात. मला पोहता येतं, असं मी जन्मभर सांगत आलो होतो. येत होतं का? लहानपणी कॅनॉलात दोन हात मारले होते, तेवढंच.

माझ्या शेजारून वहिनी गेल्या. नेसत्या लुगड्यानिशी, सपासप हात मारत. पिंपळगाव रेणुकाईला माहेरच्या विहिरीत त्या पोहायला शिकल्या होत्या, हे मला नंतर कळलं. आमच्या घरात त्यांना ते कधी कुणी विचारलंच नव्हतं.

चिऊला आणून त्यांनी माझ्या खांद्यावर दिलं आणि काठाशी उथळ पाण्यात बसून खोकत राहिल्या. तेवढ्यात ते दोघं पळत आले. त्यांना दिसलं ते एवढंच — पोरगी बापाच्या खांद्यावर. दादा वहिनींवरच ओरडला, "पोरगी तुझ्यापाशी सोडून गेल्तो ना? ध्यान कुठं व्हतं तुझं?"

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. काय दिसलं असेल त्यांना माझ्या तोंडावर?

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "भाऊजी व्हते म्हणून वाचली."

मी बोललो का? न्हाई. एक शब्द न्हाई.

बायको माझा हात धरून रडली. दादा आजही चार पाहुणे जमले की ती गोष्ट सांगतो. त्यात मी शूर असतो, आणि वहिनी दरवेळी बेफिकीर. त्या वाढत असतात. ऐकत असतात.

चिऊ आता कॉलेजात जाते. सकाळी घाईत दार आपटून निघते, आणि त्या आवाजासरशी मी मनात वहिनींना हात जोडतो. रोज. माझी पोरगी त्यांनी दिलेली, बाप म्हणून मिरवतो ती अब्रूही त्यांचीच. एवढं कुणी कुणाला देतं का? आणि मी घेतलं. मागून नाही घेतलं — पण परतही केलं नाही.

गेल्या दिवाळीत वाटूरला सगळे जेवायला बसलो होतो. चिऊ म्हणाली, "मोठी आई, तू पण पोहायला शिक ना. बाबा शिकवतील तुला."

"मी? आता या वयात?" वहिनी म्हणाल्या. "बुडंन की गं मी."

सगळे हसले. मीही हसलो.