बंदीतला बांगडा

“त्यांच्याकडे फौज आहे, आपल्याकडे वेळ आहे,” असं म्हणून तो चष्मा शर्टाला पुसायचा. चष्मा आणखी मळायचा. त्यांच्याकडे म्हणजे मोबाईलचे गेम काढणाऱ्या बड्या कंपन्यांकडे. आपल्याकडे म्हणजे गेम बनवणारा तो एकटा, माझ्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावरची पत्र्याची खोली आणि एक पंखा. खोलीला तो स्टुडिओ म्हणायचा. गेमच्या शेवटी नावं यायची, त्यांत लेखक, चित्रकार, संगीतकार सगळे एकाच आडनावाचे. घराणेशाहीच म्हणा ना.

त्याच्या गेममध्ये तुम्ही एका होडीचे मालक. मिरकरवाडा बंदरातून निघायचं, जाळं टाकायचं, मासळी लिलावात विकायची. पण वारा, भरती, ओहोटी सगळं खरं. होडी गाळात रुतली की पाणी चढेपर्यंत बसून राहायचं, खरोखरचे तास. मी म्हटलं, “अरे, वाट बघण्याचा कंटाळा येतो म्हणून तर लोक गेम खेळतात.” तो म्हणाला, “काका, भरतीला घाई करता येत नाही.” अशा माणसाशी काय बोलणार तुम्ही?

खेळून बघायला माणसं कुठून आणायची, तर माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या फोनांत हा गुपचूप आपला गेम टाकायचा. एका वकिलाच्या फोनमध्ये भर कोर्टात होडीचा भोंगा वाजला. शिव्या मी खाल्ल्या.

मिरकरवाड्याच्या एका मासळीवालीच्या फोनातही त्याने तो टाकला होता. दिवस पावसाचे, मासेमारीला बंदी. आठवड्याने ती दुकानात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण ती त्यालाच म्हणाली, “काय रे बाबा, मासे अंड्यावर असतात म्हणून आमच्या होड्या दोन महिने काठाला. आणि तुझ्या ह्यात रोज जाळी भरतायत? आमचे पुरुष काय हौसेने घरी बसलेत?”

दुसऱ्या कोणी हसून सोडून दिलं असतं. ह्याने मान खाली घातली, वर गेला आणि गेमला कुलूप घातलं. जून-जुलै बंद. उघडलात तर नारळीच्या झापांनी झाकलेल्या होड्या आणि एक पाटी: ‘बंदी आहे. नारळी पौर्णिमेला या.’

त्याच हिवाळ्यात एका बड्या कंपनीने मासेमारीचाच गेम काढला. फुकट आणि चकचकीत. त्यातला बांगडा जाळ्यात शिरताना डोळा मारायचा. माझं सगळं गिऱ्हाईक तो खेळायला लागलं. मीही खेळायचो. खोटं कशाला बोलू, मजा यायची. इकडे त्याच्या वडिलांनी बजावलं, “गणपतीपर्यंत बघतो. नाही चाललं तर पुण्याला नोकरी धर.”

आणि मे महिन्यात मेल आला. जिथून सगळं जग मोबाईलवर गेम उतरवतं, ते लोक ह्याचा गेम आठवडाभर पहिल्या पानावर दाखवणार होते. जूनचा दुसरा आठवडा. ह्याने तारीख बदलून मागितली, ते नाही म्हणाले.

“मग कुलूप काढ,” मी म्हटलं. “एक ओळ तर बदलायची.”

“काका, जूनमध्ये मासे अंड्यावर असतात.”

“कुठले मासे? तुझ्या फोनमधले?”

“हो.”

“मेल्या, त्यांना अंड्यावर तूच बसवलंस ना? मग तूच उठव.”

तो हसला नाही. म्हणाला, “मी ते उघडलं, तर त्यांच्यात आणि माझ्यात फरक फक्त फौजेचा उरेल.”

तो आठवडा आला. कुठकुठल्या देशांतले लोक आले, त्यांनी पाटी वाचली आणि एकेक स्टार देऊन गेले. हा प्रत्येकाला नम्रपणे माशांची वीण समजावत बसला. मी काय केलं? दुकानात येईल त्याला हा किस्सा हावभावांसकट सांगितला. लोक पोट धरून हसायचे आणि पंखा बंद असला की वर त्याला सगळं ऐकू जायचं. आज मला त्याची लाज वाटते.

गणपती झाले आणि तो पुण्याला गेला, त्याच बड्या कंपनीत. वडिलांनी पेढे वाटले. निरोप घ्यायला आला तेव्हाही मी गप्प बसलो नाही. “आता बांगड्याला डोळा मारायला शिकवणार काय?” म्हटलं. “नाही,” तो म्हणाला, “मला जाळ्याचं काम दिलंय.” वरच्या खोलीत आता माझे मोडके चार्जर पडलेत. त्याचा फोन येत नाही, आणि मीही कुठल्या तोंडाने करू?

परवा, जूनच्या मध्यावर, बँकेतले एक साहेब फोन घेऊन आले. “टच गेलाय बघा. बाकीची मासळी मिळते, पण एक तारखेपासून बांगडा जाळ्यातून सटकतोय.”

मी टच तपासला, अगदी उत्तम होता. मग अर्धा तास मीही जाळं टाकून पाहिलं. बांगडा यायचा, डोळा मारायचा आणि आरपार निघून जायचा. त्याचं पोट जरा फुगलेलं दिसत होतं.

“दुरुस्ती नाही ह्याला,” मी साहेबांना फोन परत दिला. “ऑगस्टपर्यंत थांबा.”