कोचची बायको गाव सोडत नाही

टॉलिव्हरमध्ये नवा कोच आला की पहिल्या आठवड्यात त्याच्या घरी केक येतात. लोण्याचे, अननसाचे, खालून जरासे करपलेले. शिवाय चीज घातलेली मॅकरोनी, रताळ्याची गोड पाई, डुकराच्या हाडाबरोबर शिजवलेली कोलार्डची पालेभाजी. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर मालकिणीचं नाव. भांडं रिकामं परत करायचं नाही, हा शिष्टाचार आयडेला पेटवेला कुणी शिकवायला नको होता. अशी भांडी घासण्यात तिचा जन्म गेला होता आणि चिकटपट्टी न भिजवता बूड कसं लख्ख करायचं, हे तिला डोळे मिटूनही जमलं असतं.

कारण तिचा नवरा अलोन्झो जन्मभर कोचच होता, फक्त दुसऱ्याच्या हाताखालचा. आमच्या अलाबामात फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू काखेत मारून धावायचा खेळ. पायाचं काम नावापुरतं. त्यात पुढच्या फळीत जी धिप्पाड पोरं असतात, ज्यांना चेंडू शिवायलाही मिळत नाही आणि ज्यांच्यावाचून खेळ हलत नाही, त्यांना अलोन्झो शिकवायचा. मुख्य कोच हरत राहिला की कॉलेज त्याला काढतं आणि त्याच्याबरोबर हाताखालचे सगळेच जातात. काढायचा मुहूर्तही ठरलेला: डिसेंबरचा पहिला सोमवार. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निदान काचसामान कागदात गुंडाळावं लागत नाही. आयडेलानं मिसिसिपीत खोकी बांधली, लुइझियानात बांधली, जॉर्जियात दोनदा बांधली.

टेनेसीतल्या डनमोर गावी बांधली ती मात्र तिच्या काळजावर बसली. तिथं त्यांचा मुलगा लाइल सहा वर्षांचा असताना मेंदूज्वरानं गेला. ऑक्टोबरात पोरगा गेला, डिसेंबरात मुख्य कोचची नोकरी गेली आणि नाताळच्या आत पेटवे नवरा-बायकोला घर रिकामं करावं लागलं. माणूस घर सोडतो, शेजार सोडतो, चर्चसुद्धा सोडतो. पण पोटच्या पोराची कबर मागं टाकून मोटारीत बसायचं म्हणजे काय, ते आयडेलाला विचारून बघा. ती सांगणार नाही. पण तुमच्याकडे अशी बघेल की पुन्हा विचारायची तुमची छाती होणार नाही. त्यानंतर दर ऑक्टोबरात ती एकटीच गाडी काढून डनमोरला जायची, दगड पुसायची आणि परत यायची. अलोन्झोला ऑक्टोबरात कुठली सुटी? ऐन हंगाम.

म्हणून टॉलिव्हर कॉलेजनं अलोन्झोला, केस पिकल्यावर का होईना, मुख्य कोच केलं तेव्हा आयडेलानं एक गोष्ट मनाशी पक्की केली. आता इथून हलायचं नाही. सामान लागल्यावर तिनं सगळी रिकामी खोकी मागच्या अंगणात नेली आणि काडी लावली. अलोन्झो धावत बाहेर आला.

"अगं, उद्या लागली म्हणजे?"

"लागणार नाहीत."

"आणि हरलो तर?"

"हरलो तरी."

अलोन्झो स्वभावानं गरीब. तो पाण्याचा पाइप घेऊन आला, ठिणगी शेजाऱ्यांच्या कुंपणावर जाऊ नये म्हणून.

आमच्या गावाच्या अपेक्षा तशा साध्याच. नदीपलीकडच्या मार्बरी कॉलेजला हरवायचं, एवढीच. शिवाय माजी विद्यार्थी गावी परततात त्या शनिवारची मॅच हरायची नाही, कारण लोक ह्यूस्टन-शिकागोहून नवे कपडे शिवून आलेले असतात. शिवाय पोरांना पदवी मिळाली पाहिजे. शिवाय विश्वस्तांच्या भाच्याला खेळायला मिळालं पाहिजे, मग तो भाचा धावताना स्वतःच्याच पायात पाय अडकवून पडत का असेना. कोचनं चर्चमध्ये पुढे बसायचं, पण अगदी पुढे नाही. दर गुरुवारी मिस पर्लीच्या मासळीच्या खानावळीतून रेडिओवर बोलायचं आणि ज्यानं आयुष्यात चेंडू हातात धरला नाही त्यानं फोनवरून शिकवलेली अक्कल "आभारी आहे" म्हणून ऐकून घ्यायची. आणि डीकन रड यांच्या विनोदांना हसायचं.

डीकन क्लिओफस रड यांच्यावाचून आमच्या गावात पान हलत नाही. चर्चचे ते वडीलधारे, कॉलेजच्या समर्थक मंडळाचे अध्यक्ष आणि गावातलं एकुलतं एक अंत्यसंस्कारगृहही त्यांचंच. चर्चमध्ये वारा घ्यायला जे पुठ्ठ्याचे पंखे ठेवतात त्यांच्यावर एका बाजूला येशू आणि दुसऱ्या बाजूला रड यांचा फोन नंबर. जिंकलेल्यांचा सत्कारही तेच करणार आणि मेलेल्यांना मातीही तेच देणार. हस्तांदोलन करताना ते माणसाला खालून वरपर्यंत असे न्याहाळायचे की जणू मापच घेतायत.

पहिली मॅच अलोन्झोनं जिंकली. त्या रविवारी पाळकांनी त्याला उभं करून टाळ्या वाजवल्या. पण नव्याचे नऊ दिवस. पुढच्या तीन मॅचेस टॉलिव्हर ओळीनं हरलं आणि केक थांबले. नुसते थांबले नाहीत, बायका राहिलेली भांडी मागायला आल्या. चर्चमधली सिस्टर ओडेसा दारात उभी राहून म्हणाली, घरी पाहुणे यायचेत, थाळी लागणार आहे. आणि बोलताना ती पायपुसण्याकडे बघत होती. आयडेलानं तिला थांबवून घेतलं, थाळीत पीच घालून भाजलेला गोड कॉब्लर काठोकाठ भरला आणि हातात दिली. "पाहुण्यांना सांग, कोचच्या बायकोनं केलाय," ती म्हणाली. ओडेसाची मान आणखी खाली गेली.

मग एका रविवारी सकाळी अंगणात पाटी आली: घर विकणे आहे. हीसुद्धा आमच्याकडची जुनी रीत. पाटी कोण रोवतं हे कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांनाच माहीत असतं. याआधीच्या कोचांच्या बायका पाटी उपटून गॅरेजमध्ये लपवायच्या आणि तोंड धुऊन चर्चला यायच्या. आयडेला बाहेर आली, तिनं पाटी हलवून पाहिली. ती ढिली होती. घरातून हातोडा आणून तिनं ती चांगली खोल ठोकली आणि मगच टोपी घालून चर्चला गेली.

पाटी तिथंच राहिली. एके दिवशी परगावचं एक तरुण जोडपं खरोखरच गाडी थांबवून किंमत विचारायला आलं. आयडेलानं त्यांना ओसरीवर बसवून गोड थंड चहा पाजला, छप्पर पक्कं आहे, विहिरीला पाणी आहे, शेजारी मात्र जरा उथळ आहेत, अशी सगळी माहिती दिली आणि शेवटी म्हणाली, मालक मेल्याशिवाय घर सोडणार नाहीत. जोडपं हसत गेलं. गावात ही गोष्ट संध्याकाळपर्यंत पसरली आणि निम्म्या गावाला ती उद्धट वाटली.

नेमकी माजी विद्यार्थ्यांच्या शनिवारची मॅच टॉलिव्हर हरलं. सोमवारी चर्चच्या हॉलमध्ये समर्थक मंडळ बसलं आणि ठरलं की कॉलेजच्या अध्यक्षांना सांगायचं: मार्बरीकडून हरला तर डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी हा माणूस नको. ठराव डीकननी मांडला. अलोन्झोला ते मिस पर्लीकडून कळलं. घरी येऊन तो जेवायला बसला. कुठंतरी एखादं ओळखीचं कॉलेज हाताखालचा माणूस घेतंय का बघतो, असं तो ताटाकडे बघत म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी आयडेला काळा कोट घालून रड यांच्या कचेरीत गेली.

कोचची बायको दारात बघून डीकननी ओळखलं की ही रदबदलीला आली. अशा बायका त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. त्यांनी रुमालांचा डबा पुढे सरकवला आणि मंडळाचं कसं कुणाशी वैर नसतं, देव एक दार मिटतो तेव्हा कसं दुसरं उघडतो, असं मऊ आवाजात सुरू केलं. आयडेलानं डबा परत सरकवला.

"डीकन, मी जागा घ्यायला आलेय. चर्चच्या कबरस्तानात."

डीकन म्हणाले, "ती जागा फक्त सभासदांसाठी असते, सिस्टर पेटवे."

"ऑगस्टात आम्ही सभासद झालो. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना तुम्हीच केलीत."

"केली खरी. पण इतकी घाई काय आहे? देवाच्या दयेनं तुम्ही दोघंही ठणठणीत आहात. उद्या कुठं जाल, काय कराल…"

"कुठंही जाणार नाही. म्हणून तर घेतेय. तीन जागा हव्यात."

"तीन?"

तेव्हा तिनं त्यांना लाइलबद्दल सांगितलं. गावात कुणालाच माहीत नव्हतं. रडली नाही, आवाजही चढवला नाही. मुलगा कधी गेला, कशानं गेला, आणि त्याच्या बापाच्या वरचा माणूस मॅचेस हरला म्हणून आपण पोराला परक्या गावात टाकून कसे निघालो, एवढंच. "त्याच्या शेजारी कोण झोपलंय तेसुद्धा मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी त्याला इथं आणणार आहे."

डीकन रड यांचा जन्म रडणाऱ्यांच्या सोबतीत गेलेला. शोकाचं त्यांना वावडं नव्हतं. पण समोर बसलेली ही बाई शोक करायला आलीच नव्हती, आणि तिच्याशी कोणत्या आवाजात बोलावं हे त्यांना कळेना. शेवटी ते म्हणाले की लेकराच्या जागेचे पैसे नकोत, ती चर्चकडून समजा.

"नको. तिन्ही जागांचा पुरा भाव घ्या. या गावानं दिलेली थाळीसुद्धा हरल्यावर परत मागितली जाते."

डीकनचे कान लाल झाले. पण आयडेलाचं बोलणं संपलं नव्हतं.

"आणखी एक सांगते. मार्बरीकडून आम्ही कदाचित हरू. आमच्या दोन पोरांचे गुडघे गेलेत, अलोन्झो काही जादूगार नाही. हरलो तर तुम्ही त्याला काढा, तो तुमचा हक्क आहे. तो शाळेची बस चालवेल, मी पियानो शिकवेन. पण दर रविवारी आम्ही तुमच्या मागच्या बाकावर बसू. आणि दर शनिवारी तो स्टॅंडमध्ये तुमच्या शेजारी बसून तुमचा नवा कोच कुठं चुकतोय ते तुमच्या कानात सांगेल. आजवर तुम्ही काढलेला एकही माणूस गावात राहिला नाही, म्हणून काढणं तुम्हाला इतकं सोपं जातं."

डीकननी नकाशा काढला. ओकच्या झाडाजवळच्या तीन जागा त्यांनी स्वतः दाखवल्या आणि भाव पुरा घेतला.

टॉलिव्हर मार्बरीकडून हरलं. अगदी थोडक्यात, शेवटच्या काही मिनिटांत. पण थोडक्यात हरण्याला आमच्या गावात जास्तच शिव्या पडतात. अलोन्झो मैदानातून बाहेर आला तेव्हा कुणीतरी वरून त्याच्यावर शेंगांची टरफलं फेकली. त्यानं ती खांद्यावरून झटकली आणि पोरांना बसमध्ये चढवलं.

पुढच्या शनिवारी, डिसेंबरच्या पहिल्या सोमवारला दोनच दिवस उरले असताना, डीकन रड यांची शववाहिका डनमोरहून लाइलला घेऊन आली. सरकारी परवानगीपासून सगळं डीकननीच धावपळ करून केलं होतं आणि त्याचं बिलही चोख पाठवलं होतं. आयडेलाला तेच बरं वाटलं. कुणाला बोलावणं नव्हतं. तरी गाव आलं. ओडेसा आली, मिस पर्ली खानावळ बंद करून आली, रेडिओवर फोन करून अक्कल शिकवणारेही आले आणि कुठं उभं राहावं हे न कळून कुंपणाशी घुटमळले.

पुढच्या फळीची सहा पोरं रविवारचे सूट घालून न सांगता हजर झाली होती. पेटी लहान. दोघांनी सहज उचलली असती, पण सहाही जण पुढे आले. सहा जणांचे पंजे तिच्यावर मावेनात, म्हणून प्रत्येकानं एकेकच हात लावला आणि असे जपून चालले की इतक्या आडदांड पोरांना असं चालता येतं हे गावानं प्रथमच पाहिलं. अलोन्झो त्यांच्या मागून येत होता. इतके ऑक्टोबर तो मुलाकडे जाऊ शकला नव्हता. पेटी खाली टेकली तेव्हा तो गुडघ्यांवर बसला आणि लोकांसमोर मोकळेपणानं रडला. आयडेलानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माती पडून होईपर्यंत तशीच ताठ उभी राहिली.

सगळे पांगायला लागले तेव्हा डीकन तिच्याजवळ आले. टोपी हातातच होती.

"सिस्टर पेटवे, सोमवारची बैठक आपण पुढे ढकलू," ते हळूच म्हणाले. "अशा वेळी बरं दिसत नाही."

"ढकलू नका," आयडेला म्हणाली, आणि कुंपणाशी उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "सोमवारीच घ्या. ठेवायचं तर ठेवा, काढायचं तर काढा. माझं पोरगं आता इथं आहे. मंगळवारी सकाळी मी त्याला भेटायला पायी येणार आहे."