मेंढ्याचं शिंग
काल कपाट आवरताना घोंगडीचा तो उग्र, उबदार वास आला आणि मी थेट सांगलीच्या होस्टेलवर जाऊन पोहोचले. घोंगडी माझ्या रूममेटची, कडेगावकडच्या मेंढपाळ घरातल्या मुलीची. तीच अंथरून आम्ही चौघी एका मोबाइलवर एक अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, बघायचो. त्या मालिकेत पाळीव मेंढा घेऊन हिंडणारा एक म्हातारा गुरू होता. तो शेवटच्या भागात मेला, तेव्हा माझी ही रूममेट ताट तसंच सारून झोपली होती. पुढे सिनेमाचा ट्रेलर आला आणि त्यात गुरू चक्क डोंगर उतरताना दिसला! म्हणजे तो वाचला, सिनेमा मालिकेच्या पुढचा, असं आम्ही तिघींनी ओरडून ठरवूनच टाकलं. ही मात्र तेवढंच दृश्य पुन्हापुन्हा बघत राहिली. "न्हाई गं," ती म्हणाली, "मेंढा बघा की. शेवटाला त्याच्या शिंगाला दोन वेढे हुते, हितं एकच हाय. शिंग काय उलटं वाढतंय व्हय? ही आधीची गोष्ट हाय." मला रागच आला, एवढ्या आनंदात हिला शिंगं सुचतात! मग तिचे डोळे दिसले. गुरू परत यावा असं सगळ्यात जास्त तिलाच वाटत होतं, तरी खरं ते तिनंच सांगितलं. सिनेमा आधीचाच निघाला. थिएटरात मी कुजबुजले, "तुझंच बरोबर होतं." पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "गप बस. शिनेमा संपंस्तवर तरी जित्ता हाय की त्यो." होस्टेल सोडताना तिनं दिलेली ही घोंगडी मी अजून धुतलेली नाही.