तिसऱ्या उडीची खूण

त्या श्रावणात माझं आणि कानबाईचं बोलणं बंद होतं. असं सांगितलं की लोक हसतात. पण आमच्या खानदेशात कानबाई ही काही लांबची देवी नव्हे. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरी येते, नारळाच्या रूपाने चौरंगावर बसते, नथ घालते, बायकांची गाणी ऐकते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. घरच्या माणसावर रुसावं तसा मी तिच्यावर रुसलो होतो, आणि कारण साधं होतं. त्याच उन्हाळ्यात माझा थोरला भाऊ गेला. काविळीचं निमित्त झालं. धुळ्याच्या दवाखान्यात तो पडून होता तेव्हा माय पायरीवर बसून कानबाईला सगळं बोलली, मागायचं ते मागितलं, कबूल करायचं ते केलं. देवीने ऐकलं नाही. मग आपणही तिचं ऐकायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. चोवीस वर्षांच्या माणसाचा राग तो, त्याला डोकं कमी आणि जोर जास्त.

मी लांब उडी मारतो, ती भाऊमुळे. तो पारोळ्याच्या बाजारात तोलाईचं काम करायचा. संध्याकाळी अंगावरची धूळ झटकून मला गावाबाहेरच्या पडीक रानात घेऊन जायचा. तिथे त्याने स्वतः खड्डा खणून नदीची वाळू भरली होती आणि एक जुनी फळी जमिनीत बसवली होती. लांब उडीत सगळा खेळ धावेचा. दर वेळी त्याच जागेवरून निघायचं, म्हणजे शेवटचं पाऊल बरोबर फळीवर पडतं. निघण्याची जागा वीतभर चुकली तरी पाय फळीच्या पुढे जातो आणि उडी बाद होते. आमच्या काळ्या मातीत चुन्याच्या फक्कीची रेघ टिकत नसे. वारा आला की पुसली जायची. दगड ठेवावा तर गुराख्यांची गुरं तो हलवून जात. म्हणून भाऊच खूण व्हायचा. ठरलेल्या जागी चपलेचं टोक लावायचं, हात मागे बांधायचे आणि मी धावत सुटेपर्यंत हलायचं नाही. डास चावले तरी नाही. मी निघताना मान वळवून त्याच्याकडे बघितलं की ओरडायचा, "पयनार तू शे, मी नुसती खूण शे. मनाकडे दखू नको, म्होरे दख." म्हणजे पळणारा तू आहेस, माझ्याकडे नको, पुढे बघ.

पुढे खेळातून जळगावला नोकरी लागली, शिबिरं सुरू झाली, रबरी धावपट्टी आली. मोजायला टेप आला आणि खुणेसाठी रंगीत चिकटपट्टी. भाऊ घरी राहिला. स्पर्धा झाली की मी त्याला फोन करायचो आणि तो एकच विचारायचा, किती उड्या झाल्या. मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत बारा जण असतात. प्रत्येकाला तीन उड्या मिळतात, मग पहिल्या आठ जणांना आणखी तीन. बाकीचे चौघे पिशवी आवरून बाहेर. मी कायम त्या चौघांत. पदकाची भाऊला फारशी पडली नव्हती. त्याचं म्हणणं एवढंच, "एकदाव तरी सहाच्या सहा उड्या मारीसन ये." दवाखान्यातही हेच म्हणाला होता, हसत. त्यानंतर आठवड्याच्या आत तो गेला आणि त्याचं हे एवढंसं मागणं माझ्या छातीवर दगडासारखं बसलं.

आशियातल्या देशांच्या स्पर्धेसाठी निवड झाली तेव्हा मी मनाशी ठरवलं की ही शेवटची. सहा उड्या झाल्या तर भाऊचं मागणं पुरं होईल, नाही झाल्या तर त्याला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नाही, आणि मग खेळायचं तरी कशाला. निघण्याआधी दोन दिवसांची रजा घेऊन घरी आलो. अंतिम फेरी नेमकी कानबाईच्या रविवारी होती. मायने माझ्यासाठी रोटाचं माप लवकर काढायला घेतलं. हे रोट म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या पोळ्यापुऱ्यांचं पीठ. घरातल्या प्रत्येक पुरुषमाणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, ते वेगळे दळायचे आणि त्याचं जे होईल ते घरच्यांनीच खाऊन संपवायचं. मायने बाबांच्या नावाचे गहू सुपात घातले, काकांच्या नावाचे घातले, माझ्या नावाचे घातले. मग तिचा हात पुन्हा पोत्यात गेला.

काका हळूच म्हणाले, "वहिनी, गेयेल माणूसनं माप टाकतस नही."

"मना पोऱ्या उपाशी ठेवू का मी?" माय म्हणाली आणि मूठ सुपात सोडली.

बाबा उठून ओट्यावर गेले. मला मात्र राहवलं नाही. मायवर राग नव्हता, त्या रिकाम्या चौरंगावर होता. मी म्हणालो, "माय, मनं माप बी त्याले दी टाक. माले काई नको तिनाकडथून." मायने माझ्याकडे पाहिलं, पण माझ्या वाटचे गहू काढून घेतले नाहीत. सूप उचलून ती आत गेली.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. मागे बायकांची गडबड ऐकू येत होती. "तुनं माप बी टाकं, त्यानं बी टाकं," ती म्हणाली. "आते तू तुनं काम कर." एवढं बोलून तिने फोन ठेवला. मला यश दे म्हणून देवीला सांगते वगैरे काही नाही. मैदानाकडे जाताना बसमध्ये मला वाटलं, ही बाई खचली कशी नाही. माझ्यापेक्षा जास्त तिचं गेलं होतं.

पहिली उडी बाद झाली. बुटाचं टोक फळीपुढे गेलं. दुसऱ्या वेळी त्या भीतीने मी पावलं आखडली आणि उडी इतकी तोकडी पडली की शिबिरातल्या पोरांनीही मारली असती. फलकावर माझं नाव अकरावं आलं. तिसरीची वाट बघत बाकावर बसलो. देवाचं नाव घ्यायची जुनी सवय ओठापर्यंत आली आणि मी ती गिळली. भाऊचंही नाव घेतलं नाही. एवढं कोरडं मला त्याच्या चितेसमोरही वाटलं नव्हतं. माझ्या शेजारी कुठल्याशा बेटावरच्या देशाचा एक उंच, सावळा खेळाडू बसला होता. आमची बोलायची भाषा एक नव्हती. त्याची खूण माझ्या खुणेच्या हातभर मागेच होती, त्यामुळे आमची दिवसभर नजरानजर होत होती, एवढीच ओळख. त्याला माझ्या आधी बोलावलं. त्याने तिसरी उडी मारली आणि तो सावकाश परत यायला लागला.

माझं नाव पुकारलं आणि मी धावपट्टीच्या टोकाला गेलो तर माझी चिकटपट्टी जागेवर नाही. मधल्या वेळात कॅमेरावाल्यांनी तिथून एक जाड केबल ओढत नेली होती, तिच्याबरोबर ती निघून गेली असणार. समोर घड्याळ सुरू झालं. एका मिनिटात उडी मारायची. टेप प्रशिक्षकांकडे, ते प्रेक्षकांत लांब. मी पंचाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायला गेलो, त्याने घड्याळाकडे बोट दाखवलं. मी खाली वाकून जमिनीवर हात फिरवत राहिलो. सगळीकडे सारखाच तांबडा रबर. अंदाजाने उभं राहिलो तर तिसरीही जाणार आणि भाऊचं मागणं तिथेच, त्या तांबड्या पट्टीवर संपणार. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "माय कानबाई, आते तूच दख." मागितलं काहीच नाही. मागायला वेळही नव्हता आणि काय मागायचं ते सुचतही नव्हतं. फक्त हातातलं सगळं सुटलं.

मान वर केली तर तो बेटावरचा माणूस परत येताना थांबला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं, स्वतःच्या पट्टीकडे बघितलं. मग तिच्या हातभर पुढे आला, धावपट्टीच्या कडेला बुटाचं टोक नेमकं एका जागी लावलं, हात मागे बांधले आणि उभा राहिला. बोलला नाही, बोटाने दाखवलं नाही. नुसता उभा राहिला.

मी तिथे गेलो, त्याच्या बुटाला बूट लावला. अंगावर काटा आला तो अजून जात नाही. शेजारी माणूस उभा आहे याची ऊब मला पोटरीपर्यंत जाणवत होती. मी त्याच्याकडे बघितलं नाही. पुढे बघितलं आणि निघालो. फळी कुठे आहे याचा विचार केला नाही. पायाखाली लाकडाचा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच नव्हतं. वाळूत पडल्यावर मी डोळे उघडले नाहीत. उडी बरोबर असल्याचा पांढरा झेंडा वर गेला हे मला लोकांच्या आवाजावरून कळलं. अंगावरची वाळू तशीच ठेवून मी फलकाकडे बघत उभा राहिलो. माझं नाव आठवं आलं. माझ्यानंतर तिघे उडाले. कोणी मला ओलांडलं नाही.

मी वाळूतच बसून रडलो. भाऊच्या दिवसांतही मी असा रडलो नव्हतो. मग डोळे पुसून फलकावर पुन्हा नाव बघावं म्हणून मान वर केली आणि माझ्या नावाखाली कोण आहे ते वाचलं. नववा तो होता. माझ्या आधी उडी मारून परत येत होता तेव्हा तो आठवा होता. मी अकरावा होतो आणि माझी एक उडी राहिली होती, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी तिथे चाचपडत राहिलो असतो तर आठवी जागा त्याचीच राहिली असती. त्याला काहीच करायचं नव्हतं. नुसतं चालत पुढे जायचं होतं.

मी धावत त्याच्याकडे गेलो तेव्हा तो बूट काढत होता. मी वाकून त्याच्या पायांना हात लावायला गेलो, त्याने घाईघाईने माझे खांदे धरून मला उभं केलं. तो चेहरा आनंदी नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. त्याला वाईट वाटत होतं आणि ते दिसत होतं. डोळे लाल होते. तरीही त्याने माझ्यासमोर तीन बोटं धरली आणि धावपट्टीकडे मान हलवली. तुझ्या तीन राहिल्यात, जा. मग पिशवी खांद्याला लावून तो बाहेर पडला.

त्या तीन उड्यांत मी काही दिवे लावले नाहीत. आठवाच राहिलो. मैदानातून बाहेर आल्यावर मी मायला फोन लावला. "माय, सहा व्हयन्यात," म्हणालो. पलीकडे बायकांची गाणी चालली होती. ती म्हणाली, "जेवी ले आते." मी जेवलो.

लोक मला विचारतात की तो माणूस म्हणजे कानबाईच होती का, की भाऊच आला होता. मी वाद घालत नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर तो माणूसच होता, घामाने भिजलेला, हरलेला. देवी आपल्यासाठी काय करते ते मला कळत नाही. ती भाऊला का घेऊन गेली तेही कळलं नाही आणि आता मी विचारायचं सोडलं आहे. माझ्या हातात काही उरलं नाही त्या घटकेला ती माझ्याशी बोलली एवढं मला पुरतं. तेव्हापासून रोज सकाळी हात जोडताना भाऊच्या नावापाठोपाठ त्या परक्या माणसाचं नाव माझ्या तोंडात येतं.

एक सांगायचं राहिलं. चौथ्या उडीसाठी मी धावपट्टीच्या टोकाला गेलो तेव्हा माझी खूण कुठे होती हे मला पुन्हा शोधावं लागणार होतं. पण तिथे पट्टी लावलेली होती. माझी नव्हे, त्याची. जाता जाता त्याने स्वतःच्या जागेवरची पट्टी उपटली होती आणि माझ्या जागेवर घट्ट चिकटवून ठेवली होती.